गणितच्या वन्सं

...नाही, मी म्हणते, जायचं तर माणसानं जावं, त्याला कुणाचा इलाज आहे? पण गोष्ट तरी पुरी करून जावं की नाही? तुम्हाला सांगते, डॉक्टरांनी वन्संना आत बोलावलं, वन्सं खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली, डॉक्टरांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढला, आणि... आणि घंटा झाली. दवाखान्यात नव्हे हो, कॉलेजात. मधली सुट्टी संपल्याची. झालं. आमची गणित उठली, डबा बंद केला, खडूची पेटी काखेत मारली आणि दारातून म्हणाली, "उरलेलं उद्या." बस्स. आता तो उद्या मी कुठून आणू, सांगा बघू?

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. आमच्या कॉलेजात बायकांसाठी म्हणून एक वेगळी खोली आहे. खोली कसली, जिन्याखालची जागा ती, पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे, मग खुर्च्या काढल्या आणि आम्हाला ठेवलं. एक लांबट टेबल, एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त, एक लोखंडी कपाट, आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त सायकलींची चाकं दिसतात. तिथे आम्ही चौघी. नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. दिवसभर हजेरीत नावंच नावं वाचून तोंड विटलेलं असतं, आणखी नावं कोण घेणार? आम्ही आपल्या विषयानं ओळखतो. मी इतिहास. समोर रसायन. कोपऱ्यात ग्रंथपाल, त्यांना विषय नाही आणि वयानं मोठ्या, म्हणून त्या नुसत्या 'बाई'. आणि माझ्या शेजारी, खिडकीला पाठ करून, गणित.

आता पलीकडच्या खोलीतल्या पुरुषमंडळींना भारी कुतूहल, या बायका रोज एवढं बोलतात तरी काय. त्यांना वाटायचं, आम्ही त्यांच्याबद्दल बोलतो. कोण बोलतंय तुमच्याबद्दल? आम्हाला सासवा कमी आहेत का? डबे उघडले की जिची तिची माणसं टेबलावर येणार, हा आमचा नेम. रसायनची सासू. सासूबाईंचं एक कपाट होतं, ते त्यांना रसायनच्या खोलीत हलवायचं होतं, आणि या कपाटावर आम्ही अख्खी एक परीक्षा, निकाल आणि फेरतपासणी काढली. बाईंची जाऊ. ही जाऊ पहाटे गाणं म्हणते आणि अंतरा चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बाईंचा जन्म गेला 'हळू बोला, हळू बोला' करण्यात, त्यांना आता मोठ्यानं बोलताच येत नाही, त्यामुळे "एखाद्या दिवशी गळाच धरणार आहे मी तिचा" हे वाक्यसुद्धा त्या असं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पुस्तक परत करायची तारीख सांगताहेत. माझ्याकडे एक दीर. पण दिरात काही दम नाही हो. एकदा सांगितला की संपला.

आणि गणितकडे वन्सं.

काय सांगू तुम्हाला वन्संबद्दल. नणंद पुष्कळांना असते, पण अशी नणंद? झाकण न काढता भाजीचा वास घेऊन मीठ कमी आहे म्हणणारी. स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीनं ओळीत लावणारी, का, तर बघायला बरं वाटतं, मग साखर मिठाच्या जागी आणि गणितचा नवरा सकाळी खारट चहा निमूट पितोय, कारण बहिणीनं लावलेत डबे, बोलणार कोण? एकदा वन्संचा चष्मा हरवला. घर उलटं केलं. गणितला गाद्या उचलायला लावल्या. शेवटी नवरा हळूच म्हणाला, ताई, तो डोळ्यांवर आहे. तर वन्सं काय म्हणाव्यात? "माहीत आहे मला. मी बघत होते, तुमच्यापैकी कोण आधी सांगतं."

सांगायची पद्धत तर अशी की बघत राहावं. गणित शिकवणाऱ्यांची सवय असते ना, समजा एक टाकी आहे, समजा तिला दोन नळ आहेत... तशी ही. "समजा, सकाळ आहे. समजा, वन्सं स्वयंपाकघरात आल्या." डब्याचं झाकण उलटं करून टेबलावर ठेवायची, ते झाकण म्हणजे वन्सं. चमचा म्हणजे ती स्वतः. वाटी म्हणजे नवरा, तो मध्ये गप्प बसलेला. झाकण पुढे सरकलं की आमचे घास हातातच. आम्ही उपाय सुचवायचो. रसायन म्हणायची, तू साखरेचा डबाच लपव. दुसऱ्या दिवशी गणित येऊन बातमी देणार, की लपवला, आणि त्यावर वन्संनी सगळ्यांचं गोड खाणं बंद म्हणून जाहीरनामा काढला. आणि नेमकं पुढे काय होणार, झाकण वाटीपाशी पोचणार, एवढ्यात घंटा. "उरलेलं उद्या."

इतका गाजावाजा की एकदा प्राचार्य दारात. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, "या वन्सं कोणत्या विभागाला आहेत? त्यांना सांगा, जरा आवाज कमी ठेवायला." बाईंनी तोंडात रुमाल कोंबला. रसायननं सरळ सांगितलं, की सर, त्या रजेवर आहेत.

एक मात्र होतं. गणितच्या घरी आम्ही कुणी कधी गेलो नाही. म्हणजे निघालो होतो, दोन-तीनदा बेत ठरला, पण दर वेळी ही तोंड बारीक करून म्हणायची, वन्सं आहेत गं घरी, नको आत्ता. आम्हालाही पटायचं. अशा घरात कोण जाईल मरायला? रसायनच्या घरी गेलो, ते कपाट डोळ्यांनी बघितलं. माझ्याकडे आलो. हिच्याकडे नाही. आणि खरं सांगू, वाईटही नाही वाटलं तेव्हा. रोज घर टेबलावर येतंच होतं की, झाकण, चमचा, वाटी, सगळं.

मग वन्संचं दुखणं निघालं.

आधी आम्ही मनावरच घेतलं नाही, नाटकं असतील म्हटलं. पण गणित रोज नवीन सांगायला लागली. वन्संना तपासायला नेलं. रक्त काढणाऱ्या मुलीला वन्सं म्हणाल्या, सगळं नको नेऊस, थोडं मलाही ठेव. यंत्राखाली झोपवलं, माणूस म्हणाला श्वास रोखा, यांनी रोखला, आणि तो सोडा म्हणायला विसरून चहा घ्यायला गेला. वन्सं रोखूनच. तो परत येतो तर चेहरा निळा, आणि वर म्हणतात काय, "घरी तरी दुसरं काय करते मी?" अहो, हसून हसून बाईंचा आवाज निघाला, बाईंचा! आणि त्या हसण्याच्या भरात रसायन म्हणाली, "अगं, आता सुटशील तू."

वाईट नाही हो ती. तिच्या तोंडाला लगाम नाही इतकंच. आणि आम्ही कुठे थांबवलं तिला? हसलोच की. सगळ्यांत जास्त गणित हसली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. सगळ्यांच्याच आलं होतं, त्यामुळे कुणी वेगळं बघितलं नाही.

ती बारीक होत चालली होती, हे काय दिसत नव्हतं आम्हाला? दिसत होतं. आणि आम्ही ठरवून टाकलं, की नणंदेची उस्तवार करून करून बिचारी झिजली. रसायन तिच्यासाठी वेगळा डबा आणायला लागली, आणि देताना बजावायची, "हे तू खायचंस. त्या बयेला द्यायचं नाही." गणित म्हणायची, बरं. अर्धं खायची, अर्धं झाकून ठेवायची. विचारलं की म्हणे, उरलेलं उद्या.

मग तो दिवस. डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी गणित आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. रजा लांबली तशी आमची चिडचिड वाढली, तिच्यावर नव्हे, वन्संवर. आता ही बाई हिची नोकरीसुद्धा घालवणार का? मी फोन केला. म्हणाली, वन्संचं जरा लांबणार असं दिसतंय. मी म्हटलं, ते असू दे, आधी डॉक्टर काय म्हणाले ते सांग, इथे रसायनला अन्न गोड लागत नाहीये. तर हसली. दमल्यासारखी हसली, आता आठवतंय. म्हणाली, "फोनवर त्यात मजा नाही गं. उरलेलं उद्या."

आणि मग एका सकाळी, मी वर्गावर असताना, नोटीस फिरत आली. नोटिसा आम्ही न वाचताच मोठ्यानं वाचतो, सवय असते, तोंड वाचतं आणि डोकं पुढच्या धड्यात असतं. तशीच वाचली मी. गणित विभागाच्या... असं करत करत. अर्ध्यावर आल्यावर मला कळलं, मी काय वाचतेय. पुढच्या बाकावरच्या मुलीनं येऊन कागद माझ्या हातातून घेतला.

आम्ही तिघी गेलो. पहिल्यांदाच त्या घरी. आणि तुम्हाला खोटं वाटेल, त्या गर्दीत, त्या तसल्या वेळी, आम्ही तिघी काय करत होतो? वन्संना शोधत होतो. डोळे पुसता पुसता आमचे डोळे फिरताहेत. कुठे आहे ती? रसायननं मला कोपर मारलं. दाराशी एक उंच बाई होती, ओठ आवळलेले, आणि ती काय करत होती? आलेल्या माणसांच्या चपला ओळीत लावत होती. ओळीत! दुसरी कोण असणार? बाई पुटपुटल्या, "नाक बघ." तीच बाई मग पाण्याचे पेले घेऊन आली. मी घेतलं. रसायननं नाही घेतलं. तिनं त्या बाईकडे पायापासून डोक्यापर्यंत असं बघितलं, असं बघितलं, की बिचारी ट्रे घेऊन दोन पावलं मागे गेली.

शेजारीण होती ती. खालच्या मजल्यावरची. कित्येक महिने दोघांचं जेवण तीच आणून देत होती. हे मला नंतर कळलं.

म्हणजे असं झालं, की कपाटात गणितच्या वस्तू होत्या, स्वेटर, छत्री, कान तुटलेला एक कप. त्या पोचवायच्या होत्या. रसायन म्हणाली, मला त्या बाईचं तोंड बघायचं नाही. त्या दिवशी जिना चढून बाईंचे गुडघे धरले होते, ते अजून सुटले नव्हते. उरले मी. दार नवऱ्यानं उघडलं. सावकाश माणूस. आत दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर एकच कप. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आतले डबे उंचीनं ओळीत लावलेले. मी ते बघितले आणि मनात म्हटलं, अजून इथेच आहे वाटतं.

वस्तू दिल्या, बसले. काय बोलायचं? शेवटी सभ्यपणा म्हणून मी विचारलं, "वन्संची तब्येत कशी आहे आता?"

"कुणाची?"

"तुमच्या भगिनींची."

त्यांनी जरा विचार केला. वर्गात एखादा शांत मुलगा करतो ना, उत्तर येत नसलं तरी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, तसा. मग म्हणाले, "मला बहीण नाही. मी एकटाच. हीसुद्धा एकटीच होती."

आता तिथे गप्प बसावं की नाही? पण मी पडले इतिहासाची, मी पुरावे मांडायला लागले. की असं कसं, त्या आजारी होत्या, त्यांना तपासायला नेलं होतं, रक्त काढलं, यंत्राखाली झोपवलं, श्वास रोखायला लावला...

ते तुटक्या कानाच्या कपाकडे बघत राहिले. म्हणाले, "ते हिला नेलं होतं."

तुम्हाला सांगते, जन्मभर मी मुलांना एकच गोष्ट शिकवत आले. ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, साधनं तपासा, सांगणारा कोण आहे ते बघा. आणि रोज माझ्या कोपराला कोपर लावून एक बाई डब्याचं झाकण फिरवत होती, तर मी झाकणाकडे बघत बसले. आणि त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला तिचा आमच्या खोलीतला पहिला दिवस आठवला. रसायननं विचारलं होतं, घरी कोण कोण? ती म्हणाली, आम्ही दोघंच. रसायन म्हणाली, सुटलीस बाई, पण मग तू इथे बोलणार काय? आणि आम्ही आपापली माणसं काढून बसलो. ती सुट्टीभर हसून ऐकत होती, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आली, झाकण उलटं ठेवलं आणि म्हणाली, "समजा, एक नणंद आहे."

सांगितलंच होतं की तिनं. आम्ही पुढचंच ऐकत बसलो.

मी उठायला लागले, तर ते म्हणाले, जरा बसा. मग संकोचून विचारतात काय... "त्या रसायनबाईंच्या सासूबाईंच्या कपाटाचं काय झालं शेवटी?"

मी बघतच राहिले. त्यांना सगळं माहीत! कपाट माहीत, बाईंच्या जावेचा अंतरा माहीत, माझा दीरसुद्धा माहीत. म्हणाले, रोज संध्याकाळी ही सांगायची, सगळ्यांचे आवाज काढून. मला फारसं बोलता येत नाही, ऐकायला आवडायचं. कपाट दारापर्यंत आलं होतं, तेवढ्यात कुकर झाला आणि ही उठून गेली, उरलेलं उद्या म्हणाली. मग दवाखानेच सुरू झाले.

तेव्हा मी सांगितलं त्यांना. की कपाट दारातून गेलंच नाही. आत जाईना आणि मागेही येईना, आता ते दारातच उभं आहे, सासूबाई त्याच्यासमोर स्टूल टाकून राखण करतात, आणि रसायन स्वतःच्या खोलीत खिडकीतून जाते. ते हसले. थोडंच, पण हसले. मग म्हणाले, "आणि ही? ही काय सांगायची तिकडे?"

"तुमच्या घरच्याच गोष्टी."

"आमच्या घरी कुठल्या गोष्टी?" म्हणाले. आणि कप उचलून आत ठेवायला गेले.

येताना वाटभर मी ठरवत होते, सांगून टाकायचं. दोघींना समोर बसवायचं आणि सगळं सांगायचं. लपवायचं काय त्यात? खोलीत शिरले, बसले, तोंड उघडलं, तर रसायनच आधी. डबा तसाच, उघडलेलासुद्धा नाही. म्हणाली, "मी सुटशील म्हणाले होते तिला. हिनं सुटायचं आणि ती बया राहायची, हे मला म्हणायचं होतं का? भेटली का ती तुला?"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? सांगितलं असतं का तिला, की ते कुणाबद्दल म्हणालीस तू? मला नाही जमलं. मी माझ्या डब्याचं झाकण काढलं. उलटं ठेवलं. शेजारी चमचा ठेवला. वाटी मध्ये सरकवली.

"समजा," मी म्हटलं, "डॉक्टरांनी चष्मा काढला. समजा, पुसला, परत घातला. आणि म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे. घरी जा."

रसायन बघत राहिली. बाई म्हणाल्या, "खरंच?" ...हळूच. माझ्याकडेच बघत होत्या, झाकणाकडे नाही. त्यांना कळलं असावं. पुस्तकांत आयुष्य गेलंय त्यांचं. पण बोलल्या नाहीत काही, उलट मान हलवून म्हणाल्या, "मग? घरी गेल्यावर काय म्हणाल्या वन्सं?" आणि मला पुढचं काही सुचेना, आणि देवासारखी घंटा झाली. मी म्हटलं, "उरलेलं उद्या."

तेव्हापासून हे चाललंय. रोज सकाळी कणीक मळताना माझ्या डोक्यात वन्सं. आज त्यांना काय करायला लावू? दिराच्या सगळ्या लकबी देऊन झाल्या, आता तो बिचारा अगदीच कोरा झालाय. मला नाही हो ते जमत तिच्यासारखं. मी सनावळ्या घालते, मध्येच मागचा संदर्भ देते, बाईंना सावरून घ्यावं लागतं. रसायनला मात्र भूक लागते आता. सासूला शिव्या घालत जेवते पहिल्यासारखी.

परवा चिडून म्हणाली, "एवढं दुखणं काढलं, ही बाई मरत कशी नाही गं?"

मी झाकण जरा आपल्याकडे ओढून घेतलं. म्हटलं, "नाही मरायची आता. माझ्याकडे आहे ना ती."